घरफाळा कधी भरावा आणि खात्यावर नाव कसं लावावं?

प्रश्न : कर्नाटकातल्या निपाणीतलं घर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. वरचा मजला नंतर बांधला. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, केव्हा भरू? पावती माझ्या नावानं झाली की घर माझं होतं का?

उत्तर : नाही. पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. आधी खाते बदल, म्हणजे नगरपालिकेच्या कर-नोंदीत वडिलांच्या जागी वारसांची नावं, करून घ्या. त्यासाठी मृत्यू दाखला, वारसांची वंशावळ, जुना उतारा आणि मागील बाकी भरल्याची पावती लागते. बहिणींची नावं गाळू नका. अर्ज बहुतेक तिथंच अडतो, आणि त्यांचा हक्क आहेच.

उतारा कन्नडमध्ये येतो. हाती पडताच जाणत्याकडून वाचून घ्या. आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला, किंवा चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटली, तर बँकेत कर्जाच्या वेळी तेच कागद परत येतात. दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, पोच घ्या. सेवा ‘सकाल’खाली (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कर्नाटकचा कायदा) येत असेल तर पोचेवर क्रमांक असतो, तो जपून ठेवा.

फाळ्याचं वर्ष एप्रिलपासून. एप्रिलमध्ये भरल्यास 5 टक्के सूट. मे-जूनमध्ये सूट नाही, दंडही नाही. जुलैपासून दरमहा 2 टक्के दंड. मूळ कर 4,000 असेल तर एप्रिलमध्ये 200 वाचतात. ऑक्टोबरअखेर 320 जादा जातात.

वरचा मजला स्वयंघोषणा अर्जात (मालकानं स्वतः घराची माहिती द्यायचा कराचा अर्ज) मोजमापासह दाखवाच. लपवलेलं बांधकाम तपासणीत सापडलं की फरक दंडासह वसूल होतो. शिवाय परवानगी नसेल तर फाळा भरल्यानं बांधकाम कायदेशीर होत नाही.