स्पॅनिशमधल्या इम्परफेक्ट सब्जंक्टिव्हचे (भूतकाळातली इच्छा किंवा 'जर-तर' सांगणाऱ्या क्रियापदरूपांचे) तक्ते पाठ आहेत, पण बोलताना रूपं सुचत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आर, एर आणि इर असा शेवट असलेल्या क्रियापदांच्या तिन्ही गटांचे तक्ते घोकून झालेत, तरी वाक्यात वापरायची वेळ आली की अडखळायला होतं. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत हीच अडचण पाहते. माझं ऐकाल तर तक्ते मिटून ठेवा. एकच रूप पक्कं करा: साध्या भूतकाळातलं 'ते'चं रूप.

'आब्लार' म्हणजे बोलणे. 'ते बोलले' म्हणजे 'आब्लारोन'. त्यातला शेवटचा 'रोन' काढा, 'आब्ला' उरतं. त्याला मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या ओळीने रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा: आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान. झालं चालवून. 'कोमेर' (खाणे) याचं 'कोमियेरोन', म्हणून कोमियेरा. 'बिबिर' (राहणे) याचं 'बिबियेरोन', म्हणून बिबियेरा. एर आणि इर गटांचे प्रत्यय इथे सारखेच. अनियमित क्रियापदंही या नियमाला अपवाद नाहीत: 'तेनेर' (जवळ असणे) याचं 'तुबियेरोन', म्हणून तुबियेरा. म्हणजे भूतकाळ नीट केला असेल तर हे अर्धंअधिक फुकटात मिळतं.

पुस्तकात 'आब्लासे, आब्लासेस' अशी दुसरी मालिका दिसेल. अर्थ तोच. ती वाचताना ओळखता आली की पुरे. बोलण्यात 'रा'च जास्त चालतो, लॅटिन अमेरिकेत तर फारच.

आता खरी अडचण, जी तक्त्यात नाही. 'त्याने बोलावं असं मला वाटतं' आणि 'त्याने बोलावं असं मला वाटत होतं' ही दोन वाक्यं पाहा. मराठीत 'बोलावं' जागचं हलत नाही, काळ फक्त 'वाटणं' दाखवतं. स्पॅनिशमध्ये दोन्ही क्रियापदं हलतात: 'किएरो के आब्ले', पण 'केरीया के आब्लारा'. आपल्या मनात 'बोलावं' एकच असल्यामुळे तोंडून 'केरीया के आब्ले' जातं. रूप पाठ नसतं असं नाही, ते बदलायला हवं हेच आपल्या कानाला जाणवत नाही. म्हणून सरावासाठी सुटं रूप कधीच म्हणू नका. 'केरीया के' म्हणा आणि पुढे रूप जोडा: 'मी माद्रे केरीया के यो कोमियेरा मास', मी आणखी खावं असं आईला वाटायचं. रोज अशी दहा वाक्यं मोठ्याने म्हणा.

दुसरी चूकही मराठीतूनच येते. 'मी माद्रिदला राहत असतो तर जास्त चांगलं बोललो असतो.' आपल्याकडे दोन्हीकडे 'असतो'. तिकडे मात्र 'सी' (जर) असलेल्या भागात 'रा' आणि उरलेल्या भागात 'रीया': 'सी बिबियेरा एन माद्रिद, आब्लारीया मेखोर'. अशा वाक्यात 'सी'च्या मागोमाग 'रीया' आला की थांबा, तिथे चूक आहे.

आघाताकडेही लक्ष द्या. 'आब्लारा' लिहिताना शेवटच्या स्वरावर आघाताची खूण असेल, तर त्याचा अर्थ 'तो बोलेल'. खूण नसेल तर जोर 'ब्ला'वर येतो आणि ते आपलं सब्जंक्टिव्ह होतं. 'आब्लारामोस'मध्येही जोर 'ब्ला'वरच, पण तिथे मात्र खूण लिहावीच लागते. मराठीत जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपले कान इथे सहज फसतात. हे लिहून सुटत नाही, ध्वनिमुद्रण ऐकूनच सुटतं.

आणि एक रूप उद्यापासूनच वापरायला लागा: 'किसियेरा'. 'केरेर' (हवं असणे) याचं 'किसियेरोन', त्यातून आलेलं. 'किसियेरा उन काफे' म्हणजे 'मला एक कॉफी हवी होती'. कॉफी आत्ता हवी असते, तरी आपणही 'हवी होती' म्हणतो, 'जरा काम होतं' म्हणतो. मागणी मऊ करायला भूतकाळाकडे वळणं दोन्ही भाषांत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हे एक वाक्य समजलं की बाकीची रूपं परकी वाटेनाशी होतात.