मध्यस्थ, लवाद की शिष्टाई?

प्रश्न असा आहे: अल्जीरियाचे मुत्सद्दी लखदर ब्राहिमी यांच्यावर मराठीत टिपण लिहायचं आहे. त्यांना 'शांततेचे लवाद' म्हणावं का? की 'त्यांनी शिष्टाई केली' असं लिहावं?

'लवाद' तर नकोच. लवाद निवाडा देतो आणि तो दोन्ही पक्षांनी मानायचा असतो. ब्राहिमी निवाडे देत नव्हते. १९८९ साली अरब लीगचे दूत म्हणून ते लेबनॉनच्या यादवीत पडले, पण ती यादवी मिटवण्यासाठीचा ताइफचा करार मान्य केला तो लेबनॉनच्याच खासदारांनी. ब्राहिमींचं काम बोलणी जुळवण्याचं. म्हणजे मध्यस्थाचं.

हा शब्द दिसतो तितका कोरडा नाही. गीतेत (६.९) 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' शेजारी शेजारी आलेत. शांकरभाष्यात फरक दिलाय: उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही हित पाहतो. आपल्याला मात्र 'मध्यस्थ' म्हटलं की स्थळं सुचवणारा नाहीतर जमिनीचा दलाल आठवतो, त्याला इलाज नाही.

आता शिष्टाई. कृष्ण हस्तिनापुरात गेला तो पांडवांचा दूत म्हणून. शिष्टाईला बहुधा एक बाजू असते. त्यामुळे हा शब्द ब्राहिमींच्या उमेदवारीच्या काळाला जास्त शोभतो: १९५६ ते १९६१ ते जाकार्तात अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे प्रतिनिधी होते, फ्रान्सविरुद्ध देशाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत होते. पेशवाईत अशा माणसाला सरळ 'वकील' म्हटलं असतं. शब्द मूळचा अरबीच, ब्राहिमींना वेगळा समजावून सांगावा लागला नसता! पुढे कैरो आणि लंडन इथे ते राजदूत, मग परराष्ट्रमंत्री, आणि संयुक्त राष्ट्रांकडून हैती, अफगाणिस्तानात 'विशेष दूत'. एकाच माणसाला एकच बिरुद सगळीकडे चिकटवू नका, एवढंच माझं म्हणणं.

सीरियाचा परिच्छेद लिहाल तेव्हा क्रियापदं जपून वापरा. तिथल्या यादवीत २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि अरब लीगचे दूत म्हणून कोफी अन्नान यांच्या जागी ते आले, २०१४ च्या सुरुवातीला जिनिव्हात बोलणी झाली, मे महिन्यात त्यांनी पद सोडलं. 'लवाद फसला' लिहाल तर अर्थाचा अनर्थ होईल. बोलणी फिसकटली, मध्यस्थी निष्फळ ठरली, असं लिहा. 'शिष्टाई असफल' हा मथळा मोह पाडेल. कृष्णाचीही असफलच झाली होती म्हणा.