डोंबिवलीहून रोज लोकलने जायचंय, लेडीज डब्यात वागायची रीत काय असते?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून नोकरीसाठी येताय, डोंबिवलीत राहणार, ऑफिस परळला. लेडीज डब्यात कसं वागायचं असतं, आणि दारातल्या बायका आत येऊ देत नाहीत हे खरं का. मी बरीच वर्षं डोंबिवली ते दादर हाच प्रवास करते आहे. या विषयावर मला मनापासून बोलायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उतरण्याबद्दल. नव्या माणसाला धास्ती चढण्याची असते, पण खरी पंचाईत उतरताना होते. फास्ट गाडी, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी, परळला थांबत नाही. म्हणजे तुम्हाला दादरला उतरून सगळीकडे थांबणारी स्लो पकडावी लागेल. घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लागा. धक्के मारत नाही, विचारत. पुढच्या बाईला नुसतं "दादर?" म्हणायचं. ती हो म्हणाली तर तिच्या मागे थांबायचं. "नाही, सीएसटी" म्हणाली तर ती अंग चोरून तुम्हाला पुढे काढते आणि तुमच्या जागी स्वतः येते. तुम्हालाही मागून कोणीतरी विचारेल, तेव्हा असंच करा. कुर्ला सुटेपर्यंत दारापासून आतपर्यंत दादरवाल्या एकामागे एक लागलेल्या असतात. गाडी दादरला जेमतेम अर्धा मिनिट थांबते आणि तेवढ्यात डबा निम्मा रिकामा होतो, तो या आधीच्या विचारपुशीमुळे. जी बाई खिडकीपाशी मोबाइल बघत बसते आणि दादर आल्यावर उठून "उतरायचंय, उतरायचंय" ओरडते, ती स्वतः तर अडकतेच, शिवाय चार जणींना घेऊन अडकते. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हेही आधी विचारून ठेवा. सांगायला कोणी कंटाळत नाही.

ही गर्दी म्हणजे नेमकी किती, याला रेल्वेच्या भाषेत नाव आहे: सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून बघा, म्हणजे पाठीवरच्या सॅकवरून भांडणं का होतात ते कळेल. ती सॅक एका माणसाची जागा घेते आणि मागच्या बाईच्या छातीत रुतते. चढण्याआधीच सॅक पुढे घ्या. आत शिरलात की "बॅग वर ठेवता का जरा?" म्हणून पुढे द्या, हातोहात रॅकवर जाते. परत मागायची ती उतरायच्या दोन स्टेशनं आधी. केस मोकळे असतील तर बांधा, ओढणी आवरून घ्या. या बारीक गोष्टी वाटतात, पण तासभर तोंडावर कोणाचे तरी केस आले की माणूस रडकुंडीला येतो.

बसायच्या जागेचं वेगळं शास्त्र आहे. डब्यात शिरल्यावर बसलेल्या बायकांना विचारायचं, "कुठे?" कोणी ठाणे म्हणेल, कोणी मुलुंड, कोणी घाटकोपर. ज्यांची जागा अजून कोणी मागून ठेवलेली नाही, ती तुमची. त्या उठल्या की तुम्ही बसायचं, आणि मध्ये दुसरी कोणी जवळ उभी असली तरी ती बसत नाही. कुठे लिहिलेलं नाही, तपासायला कोणी येत नाही, तरी हे पाळलं जातं. मला याचं फार कौतुक आहे. खोटं स्टेशन सांगणाऱ्याही भेटतात, पण कमी, कारण रोजच्या गाडीत दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं असतं. तिघींच्या बाकावर चौथी बसते हे गृहीत धरा. जागा मागितली की सरकून घ्यायचं, पाय बाहेर काढून का होईना ती टेकते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे उठून जागा देणं. कल्याणपासून बसून आलेल्या बायका ठाण्यानंतर आपणहून उठतात आणि उभ्या असलेलीला म्हणतात, "बस थोडा वेळ." हे सगळ्या करत नाहीत, करायची सक्तीही नाही. पण तुम्हाला जागा मिळाली तर तुम्ही करा. संध्याकाळी परत येताना, दिवसभर दुकानात उभं राहून काम केलेल्या मुलीला घाटकोपर ते ठाणे बसायला मिळणं काय असतं, ते मी त्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहिलंय. गरोदर बाई दिसली तर तिला मागावं लागू नये. याउलट रुमाल टाकून किंवा पर्स ठेवून मैत्रिणीसाठी जागा अडवणं मला साफ चुकीचं वाटतं. मैत्रीण अजून गाडीतच नाही आणि समोर माणूस उभं आहे.

आता दाराचं. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. दारात उभं राहणाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात. एकीला पुढे उतरायचं असतं आणि आत गेलो तर बाहेर निघता येणार नाही ही भीती असते. ती भीती खरी आहे, तिच्याशी भांडू नका, "आत जाते, जागा द्या" म्हणा, ती देते. दुसरा प्रकार ग्रुपचा. शेवटपर्यंत जाणाऱ्या पाच-सहा जणी दार धरून उभ्या असतात, आत मधल्या जागेत थोडी हालचाल करता येईल एवढी जागा असते, आणि प्लॅटफॉर्मवरच्यांना "पीछे से आओ" सांगितलं जातं. पुरुषांच्या डब्यात हेच आणखी दांडगाईने चालतं. मला याचा राग येतो, आणि त्याचं कारण डोंबिवली-ठाण्याच्या मधलं दिवा स्टेशन आहे. दिव्याला वर्षानुवर्षं फास्ट गाडी थांबत नव्हती आणि स्लो गाड्या भरून यायच्या. २ जानेवारी २०१५ ला बिघाडाच्या निमित्ताने तिथल्या प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक झाली, वाहतूक बंद पडली. पुढे डिसेंबर २०१६ पासून फास्ट गाड्या थांबायला लागल्या. पण थांबलेल्या गाडीच्या दारात कोणी हलणारच नसेल तर त्या थांब्याचा दिवेकरांना काय उपयोग? म्हणून मग दिवा आणि शेजारच्या कोपरचे लोक डोंबिवलीहूनच परत फिरणाऱ्या डोंबिवली लोकलमध्ये उलट दिशेने बसून येतात, आणि ती गाडी डोंबिवलीला लागते तेव्हा आपल्याला जागा भरलेल्या दिसतात. डोंबिवलीकर त्यांच्या नावाने बोटं मोडतात. मी मोडत नाही. त्यांना दुसरा मार्ग ठेवलाय कोणी?

आणि ९ जून २०२५ ची सकाळ. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. चार जणांचा त्या दिवशी जीव गेला. आपल्याच मार्गावर, आपल्याच वेळेला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. गाड्या वाढायला हव्यात, ही जबाबदारी सरकारची आहे, आणि प्रवाशांनी नीट वागून ती भरून निघणार नाही. पण आत दोन पावलं सरकायला जागा असताना आपण सरकलो नाही, तर दांडीला लटकणारं माणूस आपल्यामुळे लटकतंय. त्या दिवसापासून मी दारातल्या ग्रुपला स्पष्ट आवाजात "आत चला" म्हणते. कधी ऐकतात, कधी शिव्या मिळतात. तुम्ही नव्या आहात, एकटीने वाद घालू नका. पण आत गेल्यावर मधल्या जागेत खोलवर जाऊन उभ्या राहा, दाराच्या तोंडाशी थबकू नका.

एसी लोकलला दार बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, तेव्हा तिथे अर्धं अंग बाहेर ठेवून चढायचा हट्ट नको. दिव्यांगांच्या डब्यात रिकामं दिसलं तरी चढू नका, तो गुन्हा आहे. गरोदर बायका आणि कॅन्सरच्या रुग्णांना मात्र तिथे परवानगी असते. लेडीज डब्यांपैकी काही पूर्ण दिवस बायकांसाठी असतात, काही ठरावीक वेळेपुरते. डब्यावर लिहिलेलं असतं. मोबाइलवर गाणी, रील लावायची तर इयरफोन घाला.

ऑफिसने वेळ थोडी पुढेमागे करून दिली तर जरूर घ्या. मध्य रेल्वेने स्वतः कार्यालयांना तसं आवाहन केलेलं आहे. अकराच्या सुमाराची गाडी आणि साडेआठची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि पहिले काही दिवस घरून वीस मिनिटं लवकर निघा, म्हणजे भरलेली गाडी समोरून सोडून द्यायला मन धजावेल. डबा ठरवून रोज त्याच डब्यात चढा. आठवड्याभरात त्या बायका तुमचं स्टेशन ओळखायला लागतील, आणि कुर्ला आलं की न विचारता तुम्हाला पुढे काढतील.