पेशीत रक्त आणि दंडात बेडूक

प्रश्न असा आलाय की डायबेटिसवरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात 'इन्शुलिनमुळे कंकाल पेशींमधला रक्तप्रवाह वाढतो' असं लिहिलं तर चालेल का, की अस्थिस्नायू (म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू, स्केलेटल मसल) लिहू?

नाही चालणार. हे पेशी प्रकरण हल्ली जिमच्या बोर्डापासून प्रोटीन पावडरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे दिसतं आणि दर वेळी डोकं फिरतं. हिंदीत मांसपेशी म्हणजे मसल आणि सेलला कोशिका, पण मराठीत सातवीतल्या पोराला विचारा, पेशी म्हणजे सेल. आता सेलच्या आत कुठलं आलंय रक्त? रक्त जातं शेजारच्या केशवाहिनीतून, साखर आणि इन्शुलिन तिथून पाझरून पेशीपर्यंत पोचतात. एका शब्दापायी अख्खं वाक्य खोटं पडलं ना.

यावर संस्कृतवाले लगेच सुश्रुत काढतात. तिथे 500 पेशी आणि 900 स्नायू वेगवेगळे मोजलेत, पेशी म्हणजेच मसल, स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर, सबब मराठीच चुकतेय. मोजलेत, मान्य. स्नायू हा शब्द ग्रीक न्यूरॉनचा चुलतभाऊ आहे हेही मान्य, बंगालीत तर आजही स्नायु म्हणजे नर्व्ह. मग काय, डॉक्टरकडे जाऊन 'पेशी आखडलीय' सांगू?

खरी गंमत मसलमध्ये आहे. लॅटिन मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर, हात वळवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. ग्रीकांचाही एकच शब्द, मूस, उंदीर पण आणि स्नायू पण. संस्कृतातही उंदरावरून मुष्क झाला, तो कुठल्या अवयवाला म्हणतात ते कोशात बघा, इथे बायाबापड्या वाचतात. आणि मराठीत? बेडूक! बेडकुळी! आमचे आजोबा मधल्या बोटाचं पेर पुढे काढून दंडावर टिचकन ठोसा द्यायचे, एक टेंगूळ टुणकन वर यायचं, क्षणभर थांबायचं आणि बसायचं. उंदीर असं करतो का? तो पळून जातो. उडी मारून जागच्या जागी बसतो तो बेडूकच, त्यामुळे माझ्या मते निरीक्षणात आपण रोमनांच्या एक पाऊल पुढे.

एक गृहस्थ मात्र हट्टाला पेटलेत की मूळ शब्द बेटकुळी, आणि तो बेटावरून आला. का, तर इन्शुलिनचं नावही लॅटिन इन्सुला म्हणजे बेट यावरूनच आहे, लांगरहान्स या जर्मन संशोधकाला 1869 मध्ये स्वादुपिंडात पेशींची बेटं दिसली होती त्यावरून, आणि इन्शुलिन काम करतं बेटकुळीवर, म्हणजे हा योगायोग नाही म्हणे! अहो, ते नाव द मेयर या बेल्जियन शास्त्रज्ञाने सुचवलं 1909 मध्ये. आपली पोरं काय तोवर दंड झाकून बसली होती? ट-ड ची अदलाबदल झालीय, संपला विषय.

हां, तुमचं वाक्य. त्यात 'रक्तप्रवाह वाढतो' हेही जरा ढोबळच आहे. इन्शुलिन रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड करायला लावतं, बारीक धमन्या सैलावतात आणि काही मिनिटांतच आधीपेक्षा जास्त केशवाहिन्यांतून रक्त फिरायला लागतं, एकूण प्रवाह वाढतो तो मागाहून, सावकाश, अर्धा तास तास दोन तास लावून. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की, हेच सगळं मंदावतं. यातल्या पहिल्या भागाला मराठीत आयता शब्द आहे, रक्त खेळणं. पायाला मुंग्या आल्या की आजी पोटरी चोळत म्हणायची ना, थांब, जरा रक्त खेळू दे. नळ सोडल्यासारखं वाहणं वेगळं, आणि कानाकोपऱ्यात खेळणं वेगळं. तेव्हा 'इन्शुलिनमुळे स्नायूंत रक्त खेळू लागतं' लिहा बिनधास्त, आणि संपादक 'अभिसरण' करून देतील तर भांडा.

अस्थिस्नायूच ठेवा. कंकाल म्हटलं की मला शाळेच्या प्रयोगशाळेतला, जबडा तारेने बांधलेला सांगाडाच आठवतो.