उरलेले डोळ्याचे थेंब वापरावेत का?

प्रश्न : आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोन थेंबांची बाटली अर्धी उरली आहे. माझा डोळा लाल झाला असून चुरचुरतो. तेच थेंब घालू का?

उत्तर : कृपया घालू नका. या थेंबांतील पहिले औषध जिवाणूंना मारते, तर दुसरे स्टेरॉइड असून सूज व लाली उतरवते. परंतु डोळे येण्याचे कारण बहुधा विषाणू असतो, त्यावर प्रतिजैविक चालत नाही, आणि बुबुळाला नागिणीच्या जातीच्या विषाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग असल्यास स्टेरॉइडमुळे तो बळावतो, वरून मात्र डोळा निवळल्यासारखा दिसतो. हीच फसगत मला सर्वाधिक चिंतेची वाटते. शेतात काम करताना डोळ्याला पात लागली असेल, तर बुरशीची शक्यता अधिक असते. शिवाय असे थेंब आठवडेच्या आठवडे घातल्यास काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि काचबिंदूचा धोका संभवतो.

उघडलेली बाटली साधारण 4 आठवड्यांनी टाकून द्यावी. डॉक्टरांनी थेंब दिलेच, तर हात धुऊन, खालची पापणी ओढून, टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडावा. दुसऱ्या औषधाचेही थेंब घालायचे असल्यास मध्ये 5 मिनिटे थांबावे. दुखणे, अंधुक दिसणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.