जीवाश्म बीजाणू आणि परागकण नुसत्या आकारावरून ओळखता येतात का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात भूविज्ञान शिकताय, प्रकल्पासाठी लाव्हाच्या दोन थरांमधला, म्हणजे इंटरट्रॅपियन चर्ट (सिलिकाचा कठीण खडक) मिळालाय, आणि चित्रं जुळवून कणांना नावं देता येतील असा एखादा ॲटलास हवाय. ते ‘चित्रं जुळवून’ वाचलं आणि राहवलं नाही.

आकारावरून ओळखता येतात, पण चित्रं जुळवून नाही. आधी कणाचं वर्णन लिहायचं, नाव शेवटी. वर्णनात पहिला मान तोंडाचा: कवच कुठे उघडतं, किती ठिकाणी, खाच आहे की गोल छिद्र. तीन फाट्यांची खूण दिसली तर तो बीजाणू, म्हणजे फर्नसारख्या बिनफुलांच्या वनस्पतीचा. एकाच पेशीतून झालेले चार बीजाणू एकमेकांना चिकटून वाढतात, त्या चिकटलेल्या जागेचा तो वण. एकच सरळ रेघ असेल तरी बीजाणूच, फक्त चौघांची मांडणी वेगळी होती. तीन खाचा असतील तर फुलझाडाचा पराग, आणि असे कण साधारण 12.5 कोटी वर्षांपूर्वीच्या आधीच्या खडकात मिळत नाहीत. कामठी किंवा उमरेडच्या, त्याहून कितीतरी जुन्या कोळशात तीन खाचांचा कण दिसला, तर शोध लागला म्हणून नाचू नका, बाटली नीट धुतली होती का ते बघा. त्याच कोळशात दोन हवेच्या पिशव्या आणि मधल्या अंगावर पट्टे असलेले कण ढिगाने मिळतात. पिशव्या दिसल्या की ‘पाइन’ लिहून मोकळे होणारे मी पाहिलेत. ते ग्लॉसोप्टेरिस या केव्हाच नामशेष झालेल्या झाडाच्या कुळाचे पराग, पाइनशी संबंध नाही.

नक्षी सर्वात शेवटी, आणि तीही फोकस हलवत. वरच्या फोकसला ठिपका उजळ आणि खाली जाताना काळा झाला तर तो उंचवटा, म्हणजे काटा किंवा गाठ. उलट झालं तर खड्डा. छापील चित्रात फोकस एकच असतो, त्यामुळे काटा की खड्डा हे चित्र बऱ्याचदा सांगतच नाही.

आता माझ्या मनातलं. मी एका प्रयोगशाळेत काम करत असताना (नाव घेणार नाही) आमच्याकडेही असाच चर्ट होता. नागपूरला या थरांचं अप्रूप फार जुनं आहे, मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्याच टाकळीचे जीवाश्म 1850 च्या दशकातच जगासमोर आणले. तर आमच्या एका स्लाइडमध्ये एक कण सापडला. गोल, वीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आतबाहेर, तीन खाचा, प्रत्येक खाचेत छिद्र, अंगभर आखूड टोकदार काटे. आमच्या वरिष्ठ सरांनी ॲटलास उघडला, पानं उलटली आणि सूर्यफुलाच्या कुळाच्या चित्रावर बोट ठेवलं. खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या काळातलं सूर्यफुलाचं कूळ मध्य भारतात, म्हणजे मोठीच बातमी. सर त्याच दुपारी शोधनिबंधाचा मसुदा सांगायला लागले.

मी तो कण पुन्हा लावला. आकार चित्रासारखाच होता, त्यात वाद नव्हता. पण बाजूचे सगळे बीजाणू चपटे झालेले, घड्या पडलेले, पिवळट तपकिरी. हा मात्र टुमटुमीत गोल, जवळजवळ रंगहीन, आणि आत पेशीद्रव्याचा गोळा तसाच. साडेसहा कोटी वर्षं खडकाखाली दबून आतला गोळा शिल्लक राहतो? तेव्हा पाऊस नुकता संपलेला, खिडकीबाहेर कंपाउंडभर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं. त्याची फुलं आणून ताजी स्लाइड केली आणि शेजारी ठेवली. काट्यांची लांबीसुद्धा तीच.

सर म्हणाले, “साम्य आहे म्हणजेच कूळ तेच. माझंच म्हणणं सिद्ध होतंय.” मग मी चर्टची बाहेरची साल काढून टाकली, आतला गाभा वेगळा फोडून, खडक विरघळून कण सुटावेत म्हणून आम्लात घातला, सोबत खडक न घालता नुसत्या आम्लांची एक बाटलीही त्याच पायऱ्यांतून काढली. गाभ्यात फर्न मिळाले, अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या फर्नचे अवशेष मिळाले, काटेरी गोळा एकही नाही. नुसत्या आम्लाच्या बाटलीत तो होता. हवेतून पडत होता, दुसरं काय? सरांनी ती स्लाइड पाहिलीच नाही. “ॲटलासपेक्षा तुला जास्त कळतं का?” एवढंच विचारलं. त्या निबंधावर माझं नाव नको म्हणून मी लिहून दिलं आणि तो विषय माझ्यापुरता तिथे संपला. राग अजून आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबण्याचा धोका मोठ्यांनाही चुकलेला नाही. या थरांतले माड, निपा (खाडीकाठचा पाम), अझोला आजच्या वनस्पतींसारखे दिसतात, त्यांच्या जोरावर वनस्पती-जीवाश्मांचे मोठे अभ्यासक बिरबल साहनींसारख्या माणसाने 1930 च्या दशकात हे थर तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर संपले त्या क्रिटेशस काळानंतरचे ठरवले होते. पुढे जबलपूरजवळ पडवारला अशाच थरांत अ‍ॅक्विलापोलेनाइट्स नावाचा जीवाश्म पराग मिळाला. तीन हात फुटलेला हा पराग आजच्या कुठल्याच झाडाला नाही, आणि तो क्रिटेशसच्या अखेरीची साक्ष देतो. आज ज्याच्यासारखं काही नाही तोच कण काळ जास्त नेमका सांगतो, हे ॲटलासवाल्यांना कोणी समजवावं?

म्हणून तुम्ही ॲटलासआधी स्वतःच्या स्लाइड बनवा. जास्वंदीचा काटेरी भलामोठा पराग, बाभळीचे सोळा-सोळा कण एकत्र चिकटलेले गठ्ठे, मक्याचा एकाच छिद्राचा गोळा, नर्सरीतल्या फर्नचे बीजाणू, आणि गाजर गवत तर हवंच. डोळा तयार होतो तो यांच्यावर. मग ॲटलास जरूर घ्या, नावं त्याशिवाय मिळणार नाहीत, हेही खरंच. आणि एक राहिलं: काही कण इतके फाटलेले असतात की त्यांना फक्त ‘तीन फाट्यांचा गुळगुळीत बीजाणू’ एवढंच म्हणता येतं. तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

चर्ट विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते फक्त प्रशिक्षित माणसासोबत, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट), प्लास्टिकच्या भांड्यात, आणि आम्ल अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवून. वसतिगृहाच्या खोलीत अजिबात नाही.

तुमच्या मार्गदर्शकांनी चित्रावर बोट ठेवून नाव लिहायला सांगितलं, तर त्या कणाची स्लाइडवरची जागा वहीत नोंदवा, नुसत्या आम्लाची स्लाइड शेजारी ठेवा आणि त्यांना फोकसचं चाक स्वतः फिरवायला सांगा. नकार दिला तर तारखेसह तेही लिहून ठेवा.