ठेकेदारीतल्या माणसाला डबल ओटी (ओव्हरटाइमचा दुप्पट दर) लागू आहे का? (अंबड एमआयडीसी, नाशिक)

तुम्ही लिहिलंय की अंबडला सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी आहे. आठ तासांची हजेरी आणि वरचे तास सिंगल रेटने. ठेकेदार म्हणतो, डबल फक्त परमनंटला. हे साफ खोटं आहे. ओटीचा दुप्पट दर कंत्राटी कामगारालाही तितकाच लागू आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते द्यायची जबाबदारी कंपनीवर येते.

आता हिशेब. सोपं जावं म्हणून महिन्याचा मूळ पगार आणि विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा) मिळून 13,000 धरू. भागिले 26, म्हणजे रोज 500. भागिले 8, म्हणजे तासाला 62.50, दुप्पट 125. जेवणाचा अर्धा तास वजा केला की तुमचं काम साडेअकरा तासांचं, म्हणजे साडेतीन तास ओटी. त्याचे 437.50 व्हायला हवेत, हातात येतात 218.75. 26 दिवसांत तुमचे साडेपाच हजारांच्या वर बुडतात. एवढ्यात सातपूरला खोलीभाडं निघतं! दुप्पट करताना काहीजण फक्त मूळ पगार धरतात. तसं चालत नाही, भत्ताही धरायचा.

बारा तासांच्या पाळीच्या बातम्यांनी गोंधळू नका. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे. तुमचे सहा दिवसांचे 69 तास होतात, म्हणजे 21 तास ओटी.

सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा 1948 च्या कारखाना कायद्यापासूनचा नियम. पण जेवणाच्या वेळीही मशीन चालू ठेवून उभं राहायला लावत असतील तर तो अर्धा तास कामाचाच. तो लिहून ठेवा.

किमान वेतनाचा दर उद्योग, परिमंडळ (कारखाना कोणत्या भागात आहे ते) आणि कुशल-अर्धकुशल वर्गाप्रमाणे ठरतो. विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, त्यामुळे जुनं पत्रक पाहून भांडू नका. सीएनसी चालवणाऱ्याला ‘हेल्पर’ दाखवून अकुशलचा दर देणं नाशिकमध्ये सर्रास चालतं. पगारपावतीवर तुमचा वर्ग काय लिहिलाय ते आधी बघा.

आजपासून साध्या वहीत रोज आत-बाहेरची वेळ आणि मशीन नंबर लिहा. पंचिंगच्या स्क्रीनचा फोटो घेता आला तर उत्तमच. पीएफचं पासबुक काढा, त्यात मालक म्हणून कोणाचं नाव आहे आणि किती पगारावर पीएफ भरलाय ते दिसतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. तिच्यात कमी पैसे दिल्याचा दावा झाला तर पूर्ण पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं आहे, आणि दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे.

त्यामुळे चिडून काम सोडू नका, कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको. चार-पाच जणांनी मिळून कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, कंपनी आणि ठेकेदार दोघांचीही नावं घाला, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.